फायनल फँटसी १४ मधलं घर : खेळाडूंच्या तक्रारी, मागण्या आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फायनल फँटसी १४ हा स्क्वेअर एनिक्स कंपनीचा ऑनलाइन खेळ खेळणाऱ्या आपल्या मंडळींमध्ये घराचा विषय निघाला की प्रश्न ठरलेले असतात. प्लॉट का मिळत नाही, मिळालेलं घर गेलं कसं, आणि कंपनी खेळाडूंचं ऐकते तरी का? त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. माझी बाजू आधीच सांगतो. या खेळात घराला शेजार आहे, गल्ली आहे, आणि ती टिकायला हवी असं मला मनापासून वाटतं. पण तिच्यापायी हजारो खेळाडूंनी वर्षानुवर्षं बिनघराचं राहावं, हे मला मान्य नाही.

ऑनलाइन खेळात जमिनीचा तुटवडा कसा काय पडतो?

कारण इथली जमीन मोजून ठेवलेली आहे. घरांचे पाच भाग आहेत: मिस्ट, लॅव्हेंडर बेड्स, गॉब्लेट, शिरोगाने आणि एम्पीरियम. प्रत्येक भागात ३० वॉर्ड, म्हणजे वस्त्या, आणि प्रत्येक वॉर्डात ६० प्लॉट. म्हणजे एका वर्ल्डवर (खेळाच्या एका सर्व्हरवर) एकूण ९,००० प्लॉट. त्यातले काही वॉर्ड फ्री कंपन्यांसाठी (एफसी, म्हणजे खेळाडूंनी काढलेले गट) राखीव, उरलेले एकेकट्या खेळाडूंसाठी. गर्दीच्या वर्ल्डवर खेळाडू याहून कितीतरी जास्त असतात.

घरं आली डिसेंबर २०१३ मध्ये, पॅच २.१ या अपडेटसोबत, आणि तीही फक्त फ्री कंपन्यांसाठी. किमती वर्ल्डनुसार वेगळ्या आणि इतक्या चढ्या होत्या की छोट्या एफसींनी आशाच सोडली. खेळाडू भडकले आणि किमती पुढे उतरल्या. वैयक्तिक घरं २०१४ मध्ये मिळू लागली. आजच्या हिशोबात छोटं घर साधारण ३० ते ३७ लाख गिलला (गिल हे खेळातलं चलन) पडतं, मधलं १.६ ते २ कोटींना आणि मोठं ४ ते ५ कोटींना. थोडे दिवस नेटाने खेळलं तर छोट्या घराचे गिल कोणाकडेही साठतात. त्यामुळे आजची तक्रार पैशांची नाही, जागेची आहे.

मग प्रत्येकाला स्वतंत्र खासगी घर का देत नाहीत?

सर्वांत जास्त वेळा मागितली गेलेली गोष्ट हीच. बाकीच्या खेळांनी ती करूनही दाखवली आहे. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनमध्ये फेब्रुवारी २०१७ च्या होमस्टेड अपडेटपासून एकच घर कितीही जण घेऊ शकतात, कारण प्रत्येकासाठी त्याची वेगळी प्रत उघडते. गिल्ड वॉर्स २ ने ऑगस्ट २०२४ मध्ये जांथिर वाइल्ड्ससोबत तेच केलं. अशा खेळांत तुटवड्याचा प्रश्नच येत नाही.

पण तिथे शेजार नसतो. मिस्टमध्ये संध्याकाळी फेरी मारा. कोणी अंगणात कॅफे थाटलेला असतो, कोणी दारात भलंमोठं चोकोबो (खेळातला स्वारीचा पक्षी) उभं केलेलं असतं, कोपऱ्यावरच्या एफसीच्या घरात गाण्याची मैफल रंगलेली असते आणि रस्त्यावरून जाणारा अनोळखी माणूसही आत डोकावू शकतो. खासगी प्रतीच्या घरात यादीतून नाव निवडल्याशिवाय कोणी पोचत नाही.

निर्माते-दिग्दर्शक नाओकी योशिदा यांना वाढीव जागेबद्दल विचारलं की उत्तर बहुतेक वेळा सर्व्हरच्या क्षमतेवर येऊन थांबतं. ते कारण खोटं नाही. साठ घरांची अंगणं एकाच वेळी सगळ्यांना दिसायची, तर तेवढा डेटा सतत तयार ठेवावा लागतो. पण दोन्ही सोयी शेजारीशेजारी नांदू शकतात. गल्लीतले प्लॉट आहेत तसे राहू द्यावेत आणि ज्यांना ते मिळत नाहीत त्यांच्यासाठी बाग आणि अंगण असलेलं खासगी घर वेगळं द्यावं. सिस्टिम आधीपासून हाताशीही आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये आलेलं आयलंड सँक्चुअरी हे प्रत्येकाचं स्वतंत्र बेट आहे, आणि पुढच्या एका अपडेटमध्ये त्यावर बाहेर फर्निचर ठेवायची सोयही झाली. ते पाहून "बेटावर घर का नाही?" हा प्रश्न फोरमवर लगेच उठला. तो अगदी रास्त होता.

लॉटरीच्या आधी घर कसं मिळायचं? जुने खेळाडू त्या काळाबद्दल एवढं कडवट का बोलतात?

एखादा प्लॉट रिकामा झाला की तो लगेच विक्रीला येत नसे. मागे एक छुपा टायमर चालू असायचा आणि तो कधी संपणार हे कोणालाच दिसत नसे. अर्ध्या तासात संपेल किंवा दुसऱ्या दिवसापर्यंत चालेल. घर हवं असेल तर एकच मार्ग होता: प्लॉटच्या प्लॅकार्डपाशी, म्हणजे त्या दारातल्या लाकडी पाटीपाशी, उभं राहायचं आणि ती दाबत राहायची. पाटी दाबा, खरेदीचा पर्याय निवडा, 'हा प्लॉट सध्या विक्रीला नाही' हा संदेश वाचा, बंद करा, पुन्हा दाबा. एका छोट्या प्लॉटभोवती वीस-तीस पात्रं दाटीवाटीने उभी असत. कोणी रात्रभर जागायचं, तर कोणी घरातल्या भावंडांशी पाळ्या लावायचं. काही जण आपोआप क्लिक करणारी सॉफ्टवेअर लावून बसत आणि हाताने दाबणाऱ्याची सगळी मेहनत वाया जाई. मनगटं दुखल्याच्या तक्रारी त्या काळात खूप झाल्या, आणि त्या खऱ्या होत्या.

यात सर्वांत वाईट भाग असा की पाटीभोवतीची माणसं एकमेकांशी बोलत, ओळखी होत, आणि शेवटी घर एकालाच मिळे. शेजाराच्या नावाने उभारलेल्या व्यवस्थेने तिथल्या तिथे माणसांना एकमेकांविरुद्ध उभं केलं होतं.

ऑक्टोबर २०१७ मध्ये शिरोगाने उघडलं तेव्हाही 'जो आधी त्याचा' हाच नियम होता. गर्दीच्या वर्ल्डवर चांगले प्लॉट बघता बघता गेले. जपानी धाटणीच्या त्या भागात एफसी हलवायची वाट पाहत बसलेले कितीतरी गट हात हलवत परतले.

एकाच माणसाकडे अनेक घरं असल्याचं ऐकलं. हे चालतं?

आता नाही चालत. पूर्वी एका खात्यावरच्या प्रत्येक पात्राला घर घेता येई. २०१८ च्या सुरुवातीला मॅटिअस या वर्ल्डचा मामला गाजला. दोन खेळाडूंनी मिळून एकाच वॉर्डात २८ घरं घेतली होती. त्यांनी कोणताही नियम मोडला नव्हता, कारण तेव्हा तसा नियमच नव्हता. पॅच ४.२ पासून एका वर्ल्डवर एका खात्याला एकच वैयक्तिक घर, अशी मर्यादा आली. आधी घेतलेली घरं मात्र काढून घेतली नाहीत. यावर आजही वाद होतो. माझ्या मते नियम मागे जाऊन लावायला नको होता, हे बरोबरच झालं. चूक होती ती नियम यायला चार वर्षं लागली ही.

लॉटरी नेमकी कशी चालते?

म्हाडाची सोडत माहीत असेल तर समजायला वेळ लागणार नाही. पाच दिवस अर्जांचे, पुढचे चार दिवस निकालाचे. अर्ज करताना घराची पूर्ण किंमत भरावी लागते आणि तुम्हाला एक क्रमांक मिळतो. एका पात्राला एका वेळी एकाच प्लॉटसाठी अर्ज करता येतो, त्यामुळे प्लॉट निवडायच्या आधी पाटीवर दिसणारी अर्जांची संख्या बघा. लागलं नाही तर सगळे गिल परत मिळतात, पण आपोआप नाही. त्याच पाटीवर जाऊन ते स्वतः घ्यावे लागतात. नवे खेळाडू हे विसरतात आणि मग गिल बुडाले म्हणून घाबरतात. लागलं, पण निकालाच्या चार दिवसांत खरेदी पूर्ण केली नाही, तर निम्मेच गिल परत येतात. प्रवासाला जाणार असाल तर त्या फेरीत अर्ज करू नका.

वैयक्तिक घरासाठी पात्राचा किमान एक क्लास ५० व्या लेव्हलचा आणि ग्रँड कंपनीत, म्हणजे खेळातल्या सैन्यात, सेकंड लेफ्टनंटचा हुद्दा असावा लागतो.

लॉटरीत 'शून्य क्रमांक' लागल्याचा किस्सा खरा आहे का?

हो. एप्रिल २०२२ मध्ये पॅच ६.१ सोबत पहिली लॉटरी झाली. निकाल लागला तेव्हा अनेक प्लॉटवर विजेता क्रमांक शून्य दिसू लागला आणि अर्जदार कोणीच नव्हता असा संदेश आला, जिथे प्रत्यक्षात अर्जांची रांग लागली होती. स्क्वेअर एनिक्सने चूक जाहीरपणे मान्य केली, माफी मागितली आणि दुरुस्ती करून निकालांचा प्रश्न मार्गी लावला. इतक्या वर्षांच्या मागणीनंतर आलेली सोय पहिल्याच फेरीत फसली, तेव्हा लोकांनी आरडाओरडा केला. त्यातच वर्ल्ड, वॉर्ड आणि प्लॉट क्रमांकासकट रीतसर नोंदवलेल्या तक्रारीही मोठ्या संख्येने होत्या.

लॉटरी क्लिकांच्या छळापेक्षा शंभर पटींनी चांगली आहे, यात मला शंका नाही. पण तिने तुटवडा कमी केलेला नाही, तो फक्त नशिबाच्या हवाली केला आहे. दहा फेऱ्या हरलेल्याला अकराव्या फेरीत जराही जास्त संधी मिळत नाही. हरलेल्या फेऱ्यांचं काहीतरी वजन धरावं ही मागणी मला पूर्णपणे पटते.

४५ दिवस लॉगइन केलं नाही तर घर पाडतात?

नुसतं लॉगइन करून भागत नाही. सलग ४५ दिवस घराच्या आत पाऊल पडलं नाही तर प्लॉट आपोआप रिकामा केला जातो. अंगणात फिरून आलात तर ते धरलं जात नाही, दार उघडून आत जावं लागतं. पाडल्यानंतर सामान लगेच नाहीसं होत नाही. ३५ दिवसांच्या आत रेसिडेंट केअरटेकर नावाच्या खेळातल्या पात्राकडून ते परत घेता येतं आणि जमिनीच्या किमतीचा काही भागही मिळतो. पण प्लॉट गेला तो गेलाच.

भारतीय खेळाडूंसाठी इथे एक वेगळी अडचण आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेट नियमांमुळे कार्डवरून दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांसाठी वेगळी मंजुरी लागते. अनेक परदेशी सेवांची वर्गणी त्यानंतर भारतीय कार्डांवर अडकू लागली. वर्गणी अडकली की खेळ बंद, आणि खेळ बंद म्हणजे घराचे ४५ दिवस सुरू. आमच्या गटातल्या एका ताईंचं लॅव्हेंडर बेड्समधलं छोटं घर असंच गेलं. परीक्षेचे पेपर तपासण्याच्या गडबडीत त्यांनी खेळ उघडलाच नव्हता, आणि उघडला तेव्हा वर्गणी केव्हाच थांबलेली होती. घर असेल तर कार्डाच्या भरवशावर राहू नका. ६० दिवसांचं गेम टाइम विकत घेऊन ठेवा आणि संपायची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका.

मोठी आपत्ती आली की कंपनी पाडकाम थांबवते. २०२० मध्ये कोरोनाकाळात ते थांबवलं होतं, डिसेंबर २०२१ मध्ये खेळाचा एंडवॉकर हा नवा भाग आला त्या वेळी लोकांना लॉगइनच होत नव्हतं तेव्हाही, आणि जानेवारी २०२४ मध्ये जपानच्या नोटो भूकंपानंतरही. ही चांगली प्रथा आहे. पण आजारपण, बाळंतपण, वडिलांचं ऑपरेशन या एकेका माणसाच्या आपत्ती असतात आणि त्यांच्यासाठी काहीच सोय नाही. वर्षातून एकदा ९० दिवसांची रजा टाकता यावी, एवढी छोटी मागणी आहे. ती का मान्य होत नाही हे मला कळत नाही.

अपार्टमेंट घेतलं तर काय बिघडतं?

काहीच नाही, उलट आधी तेच घ्या. किंमत ५ लाख गिल, लॉटरी नाही, आणि अपार्टमेंट ४५ दिवसांच्या नियमात येत नाही. एका इमारतीत ९० खोल्या. मी स्वतः लॅव्हेंडर बेड्समधल्या लिली हिल्समध्ये राहतो आणि तिथून निघायचा माझा विचार नाही.

पण उणिवा खऱ्या आहेत. अंगण नाही, त्यामुळे बागेचा वाफा नाही. कुंडीत फुलं लावता येतात, पण वाफ्यात बियांचे संकर करून दुर्मीळ पीक काढायचा नाद असेल तर अपार्टमेंटमध्ये तो भागत नाही. खोली एकच, आणि सामानाची मर्यादा बरीच वर्षं १०० वस्तूंची होती.

१०० वस्तू पुरत नाहीत? एवढं सामान लागतं कशाला?

ज्यांनी सजावटीत हात घातलेला नाही त्यांना हा प्रश्न पडतो. घरांसाठी आतली मर्यादा बरीच वर्षं छोट्याला २००, मधल्याला ३०० आणि मोठ्याला ४०० अशी होती. आकडे मोठे वाटतात. आता प्रत्यक्ष काम बघा.

अपार्टमेंटच्या चौकोनी खोलीत तुम्हाला एक छोटं स्वयंपाकघर वेगळं काढायचं आहे. खेळात भिंत बांधायची सोय नाही, म्हणून पांढरी पार्टिशन एकाला एक लावून भिंत उभी करायची. तीन-चार तिथेच गेली. वर माळा हवा तर वुडन लॉफ्ट जोडायचे, त्यांच्या खालचा भाग झाकायला आणखी पार्टिशन. ओट्यासाठी काउंटर, त्यावर ताटं, सुरई, भाजीची टोपली. प्रत्येक छोटी वस्तू म्हणजे मर्यादेतली एक जागा. बशीला जेवढी जागा, तेवढीच पलंगाला. स्वयंपाकघर मनासारखं होईपर्यंत निम्मी मर्यादा संपते आणि उरलेली खोली रिकामी बघत बसावी लागते.

वस्तू हवेत टेकवायच्या, एकमेकांत घुसवायच्या, तिरक्या करायच्या तर खेळाडूंनी शोधून काढलेल्या आडवळणाच्या युक्त्या वापराव्या लागतात. एक हात चुकला की वस्तू जमिनीवर येते आणि सगळं पहिल्यापासून. वाइल्डस्टार हा खेळ नोव्हेंबर २०१८ मध्ये बंद पडला, पण त्यात २०१४ मध्येच वस्तू कोणत्याही दिशेने फिरवता येत होती आणि लहानमोठी करता येत होती. म्हणून सजावट करणाऱ्यांची पहिली मागणी मर्यादा वाढवा ही आणि दुसरी वस्तू हव्या त्या उंचीवर, हव्या त्या कोनात ठेवू द्या ही. मला विचाराल तर दुसरी आधी हवी. पार्टिशनं रचण्यात जाणारी निम्मी जागा तिनेच वाचेल.

रिकाम्या दिसणाऱ्या एफसी घरांचं काय?

एफसीच्या घरात वर्कशॉप मिळतं, वर्कशॉपमध्ये पाणबुड्या बांधता येतात आणि पाणबुड्यांनी आणलेला माल विकून नियमित गिल येतात. त्यामुळे केवळ उत्पन्नासाठी चारजणांची एफसी उघडून प्लॉट अडवून ठेवणारे आहेत. दार उघडून बघा, आत एक खुर्चीही नसते. हे नियमात बसतं, म्हणून मी त्या खेळाडूंना दोष देत नाही. वर्कशॉप घरापासून वेगळं केलं, भाड्याने एखादी गोदी दिली, तर कितीतरी प्लॉट मोकळे होतील.

फ्री ट्रायलवर घर मिळतं का?

नाही. ट्रायलमध्ये एफसीतही जाता येत नाही आणि ३ लाखांहून जास्त गिलही ठेवता येत नाहीत.

भारतातून खेळताना घरासाठी कोणता वर्ल्ड निवडावा?

भारतात डेटा सेंटर नाही. जपान, युरोप, उत्तर अमेरिका आणि जानेवारी २०२२ पासून ओशनिया, यांतून निवडावं लागतं. घर फक्त तुमच्या मूळ वर्ल्डवरच घेता येतं, आणि वर्ल्ड बदलायचा तर आधी घर सोडावं लागतं. मित्र कुठे आहेत ते आधी बघा, मग कमी गर्दीचा वर्ल्ड. सजावटीला पिंग (सर्व्हरपर्यंत पोचायला लागणारा वेळ) फारसा आड येत नाही, पण रेडमध्ये, म्हणजे गटाने लढायच्या अवघड लढायांत, येतो.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये घरं आली. तिथे जावं का?

तो खेळ बनवणाऱ्या ब्लिझर्डने फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या घरांची दिशा सांगताना लॉटरी नाही, अवाच्या सवा किंमत नाही आणि वर्गणी थांबली तरी घर जप्त होणार नाही, असं स्पष्ट म्हटलं. रोख कोणाकडे होता हे फायनल फँटसीच्या प्रत्येक खेळाडूला कळलं. लक्ष देण्याजोगी गोष्ट अशी की त्यांनी शेजार सोडलेला नाही. त्या खेळातल्या दोन पक्षांपैकी अलायन्ससाठी फाउंडर्स पॉइंट आणि होर्डसाठी रेझरविंड शोअर्स अशा वस्त्या आहेत, प्रत्येकीत सुमारे ५० घरं, आणि एक वस्ती भरली की दुसरी नवी उघडते. म्हणजे गल्लीही हवी आणि घरही सगळ्यांना, हे तांत्रिकदृष्ट्या जमतं. फक्त त्यासाठी खेळ बदलायची गरज नाही, पण आपल्या मागणीत हे उदाहरण जरूर द्या.

अभिप्राय देऊन खरंच काही होतं का? कसा लिहावा?

होतं, पण उशिरा. किमती उतरल्या, अपार्टमेंट आली, एका खात्याला एक घर झालं, छुपा टायमर गेला. या चारही गोष्टी आधी खेळाडूंनी मागितल्या होत्या. अधिकृत फोरमवर लिहायला वर्गणी चालू असावी लागते, आणि मराठीची सोय नसल्यामुळे आपल्याला इंग्रजीत लिहावं लागतं.

'घरांची सिस्टिम बकवास आहे, दुरुस्त करा' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला करण्यासारखं काहीच मिळत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'मी अमुक वर्ल्डवर छोट्या वैयक्तिक घरासाठी सलग सात फेऱ्या अर्ज केला. दर फेरीत त्या प्लॉटवर इतके अर्ज होते. घर हवं ते बागकामासाठी. अपार्टमेंटमध्ये एक वाफा मिळाला तर मी लॉटरीतून बाहेर पडेन.' यात वर्ल्ड आहे, आकडा आहे, गरज आहे आणि कमी खर्चाचा उपाय आहे. एका पोस्टमध्ये एकच मागणी ठेवा. कोणी आधीच नीट मांडली असेल तर नवा धागा न काढता तिथेच आपला अनुभव जोडा. आणि योशिदांवर किंवा टीममधल्या कोणावर वैयक्तिक चिखलफेक करू नका. तशा पोस्ट काढल्या जातात आणि त्यांच्यासोबत खरी तक्रारही जाते.

आपण मराठी मंडळींनी मिळून एफसी काढून घर घ्यावं का?

जरूर घ्यावं. माझा सर्वांत आवडता पर्याय हाच आहे. एफसीचा रँक ६ झाला की प्लॉटसाठी अर्ज करता येतो, आणि घर मिळालं की प्रत्येक सभासदाला त्यात ३ लाख गिलला स्वतःची खोली घेता येते. वाफ्यांना पाणी घालायची पाळी वाटून घेता येते, वर्कशॉपही कामाला येतं.

फक्त दोन गोष्टी आधीच ठरवा. पहिली, फर्निचर हलवण्याची परवानगी कोणाकोणाला. भांडणं तिथेच होतात. दुसरी, ४५ दिवसांच्या नियमासाठी कोणीही एक सभासद आत गेला तरी पुरतं, पण सगळ्यांच्या परीक्षा, गणपती आणि दिवाळी एकदमच येतात. तेव्हा वर्गणी चालू ठेवून आत जाऊन येणारी दोन नावं लिहून ठेवा, आणि त्यातलं एक परदेशात राहणाऱ्या सभासदाचं असू द्या.